जादा तास आणि पाच पस्तीसची एसटी

माझं युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, पिवळं आहे. अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या मधे पिवळं आणि त्याच्या वर निळं. निळ्या कार्डावर सहसा कुणी शंका घेत नाही. पिवळं पुढे केलं की समोरचा आधी कार्ड बघतो, मग आपले डोळे बघतो आणि हमखास विचारतो, "म्हणजे थोडं दिसतं ना?"

दिसतं. तिथेच तर सगळी पंचाईत आहे. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. ह्यात नजर कडेकडून आत झिजत येते. समोरच्याचा चेहरा, हातातल्या कागदावरची मोठी अक्षरं, फळ्याचा एखादा तुकडा मला दिसतो. पायाशी ठेवलेली बादली, बाजूने आलेली मोटरसायकल, अर्धवट उघडलेलं खिडकीचं दार दिसत नाही. उन्हातून एकदम पडवीत आले की काही वेळ नुसता काळोख, आणि दिवेलागणीनंतर तर विचारूच नका. दोन्ही डोळ्यांचं मिळून माणसाला १८० अंशांच्या आसपास दिसतं. ते क्षेत्र ४० अंशांच्या खाली आलं की कायदा त्याला अल्पदृष्टी म्हणतो, १० च्याही खाली गेलं की अंधत्व. मी ह्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे. आमच्या आजीला हे आकडे मान्य नाहीत, कारण मी सुईत दोरा ओवलेला तिने पाहिलाय. "तुका तर सगळा दिसता गो, मगे ह्या कार्ड कित्याक?" कॉलेजच्या ऑफिसचाही प्रश्न हाच होता. फक्त आजीकडे तीन प्रतींत अर्ज द्यावा लागत नाही.

२०२२ साली मी एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलं. कॉलेज तालुक्याच्या गावी, घर देवगडच्या बाजूला खाडीकाठी, मधे एसटीचा तासाभराचा प्रवास. बी.ए.चे पेपर मी स्वतःच्या हाताने लिहिले होते, जादा वेळ घेऊन. पण शेवटच्या वर्षापर्यंत ओळ सापडेनाशी झाली. एक ओळ संपवून खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं तर नजर मधेच भलत्या ओळीवर उतरायची. म्हणून एम.ए.ला रायटर घ्यायचा ठरवला. कागदोपत्री त्याला लेखनिक म्हणतात.

लेखनिकाबद्दलच्या केंद्र सरकारच्या तेव्हा लागू असलेल्या मार्गदर्शक सूचना २९ ऑगस्ट २०१८ च्या होत्या. त्यांत एक मेख होती आणि ती आमच्यासारख्यांना आधी कुणी सांगत नसे. अंधत्व असेल, दोन्ही हात बाधित असतील किंवा सेरेब्रल पाल्सी असेल, तर मागितला की लेखनिक द्यायचा. बाकीच्यांनी, म्हणजे अल्पदृष्टीवाल्यांनीसुद्धा, लिहिण्यात अडचण आहे आणि लेखनिकाशिवाय भागणार नाही असा जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा त्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरांचा वेगळा दाखला जोडायचा. कार्ड असलं तरीही. म्हणून पुन्हा ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथलं काम मात्र सरळ झालं. डॉक्टरांनी मला एक उतारा दिला, तो बघून वहीत उतरवायला सांगितला आणि घड्याळ लावून बसले. माझ्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या तशी त्यांनी वही काढून घेतली आणि सही केली. एवढ्या सगळ्या प्रकरणात माझं म्हणणं कुणी प्रत्यक्ष तपासून पाहिलं ते फक्त तिथे.

कॉलेजात अर्ज दिला तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी फाईलमधून एक ताजा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "हे बघ, नवीन नियम आलेत." ते नियम होते १० ऑगस्ट २०२२ चे, ज्यांचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत आहे पण लिहायला अडचण आहे अशा उमेदवारांसाठी. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल आहे. रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार, असलेल्या उमेदवाराला ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने त्यात सांगितलं. फार मोलाचा निकाल आहे. फक्त मी ४० च्या वरची, म्हणजे ते नियम माझे नव्हतेच. हे साहेबांना समजावण्यात एक अख्खी मधली सुट्टी गेली. शेवटी ते म्हणाले, "बरं, दोन्ही जोडून ठेव."

त्याच दिवशी मला रॅम्प दाखवण्यात आला. अगदी कौतुकाने, हाताला धरून. रॅम्पचा हिशोब असा असतो की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. हा त्याच्या निम्म्यानेही नव्हता आणि वर गुळगुळीत फरशी. आमच्याकडे जून लागला की चिऱ्याच्या गडग्यांवरसुद्धा शेवाळ धरतं, तिथे ह्या फरशीवरून व्हीलचेअर चढवणाऱ्याला देवच राखो. मी व्हीलचेअर वापरत नाही. मला अडचण होती ती पायऱ्यांची. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, सगळ्या एकाच तांबूस रंगाच्या, वरून पाहिलं तर एक पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे लागते ते कळत नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारून द्या, एवढंच मी मागितलं. हा विषय बिल्डिंग कमिटीपुढे ठेवावा लागेल असं उत्तर मिळालं. गणपतीच्या सुट्टीत शिपाईकाकांनी उरलेल्या ऑईलपेंटने खालच्या दोन जिन्यांना पट्टे मारून टाकले. कमिटीपुढचा विषय, माझ्या माहितीप्रमाणे, अजून तिथेच आहे.

अभ्यासाचं वेगळंच. कॉम्प्युटरवर मी एनव्हीडीए वापरते आणि मोबाईलवर टॉकबॅक. दोन्ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात आणि दोन्ही फुकट आहेत. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या सरांच्या नोट्स म्हणजे तालुक्यात प्रसिद्ध. पेन ड्राईव्हवर घेऊन आले, हेडफोन लावला, आणि कानात सुरू झालं ते इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचं भजन. नोट्स श्रीलिपीत टाईप केलेल्या. असल्या जुन्या फॉन्टमध्ये फाईलच्या आत मराठी नसतंच, आत रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग देतो. डोळ्यांना मराठी दिसतं, कानांना नाही. सरांना हे पटेना. "मला तर नीट दिसतंय," ते म्हणाले. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. दोन मिनिटं ऐकून त्यांनी तो काढून ठेवला आणि नंतर बाजारातल्या डीटीपीवाल्याकडून सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये करून आणल्या, स्वतःच्या पैशाने. जोडाक्षरं ठिकठिकाणी फुटली होती, पण ऐकू येत होतं. त्यानंतर इतर मुलांनीही त्याच फाईली मागून नेल्या, कारण त्या मोबाईलवर उघडत होत्या.

ग्रंथालयात अडलं ते भीतीपोटी. अख्खं पुस्तक स्कॅन करून दिलं तर प्रकाशक केस करील, असं मॅडमना वाटत होतं. कॉपीराईट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायला मुभा मिळाली. कलम ५२ मध्ये ती आहे. दृष्टिबाधितांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देशसुद्धा भारतच, २०१४ साली. हे छापून नेऊन दाखवल्यावर मॅडमनी पुस्तक दिलं, वर म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचंस!"

आता रायटर. तेव्हाचा नियम असा की आपण स्वतः रायटर आणला तर त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी कमी हवं. एम.ए.साठी म्हणजे अजून पदवी न झालेलं कुणीतरी. मुंबई-पुण्याला ही अट सोपी असेल, आमच्याकडे नाही. बारावी झाली की निम्मी मुलं मुंबईला, काही गोव्यात कामाला. जी उरतात ती कॉलेजात असतात आणि त्यांचीही परीक्षा त्याच आठवड्यांत असते. नोव्हेंबरच्या पेपरांआधी भातकापणी, एप्रिलच्या पेपरांत आंब्याच्या पेट्या. हाताला काम नसलेला शिकलेला मुलगा त्या दिवसांत कोकणात शोधून दाखवा.

पहिली मिळाली ती बारावी सायन्स झालेली एक मुलगी. हुशार, अक्षर मोत्यासारखं. सराव म्हणून मी तिला एक उत्तर सांगितलं आणि नंतर सरांना दाखवलं. सगळीकडे 'सिमेंट खर्च' लिहिलेलं. मी 'सीमांत खर्च' म्हणत होते. तिची काय चूक, तिच्या घराचं काम चालू होतं, सिमेंटचाच विषय घरात दिवसभर. दुसरा मुलगा शेजारच्या वाडीतला, भरभर लिहिणारा, पण तो एका दशावतारी कंपनीत मृदंग वाजवायचा. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की रात्रभर नाटक, पहाटे परत. माझ्या समवृत्ती वक्राच्या मध्यावर त्याचा डोळा लागायचा. तिसरी मुलगी मात्र नेमकी लाभली. तृतीय वर्ष बी.ए.ची, विषय इतिहास, पेपर सकाळच्या सत्रात. माझे दुपारचे. स्वतःचा पेपर देऊन, डबा खाऊन, ती माझा लिहायला बसायची. एका दिवसात सहा-सात तास लिहिणं म्हणजे काय ते तिच्या बोटांना विचारा. सूचनांमध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी लेखनिकांचं पॅनेल तयार ठेवावं असंही होतं. आमच्याकडे पॅनेल म्हणजे मी आणि माझी आई, दारोदार फिरणाऱ्या.

रायटरला सांगून लिहून घेणं ही शिकायची गोष्ट आहे, दोघांनी. विरामचिन्हं बोलायची, परिच्छेद बोलायचा, शब्द अडला तर फोड करून सांगायची. आकृती सर्वांत अवघड. दृष्टिबाधितांना आकृतीवर अवलंबून असलेल्या प्रश्नाऐवजी पर्यायी प्रश्न द्यावा असं सूचनांत होतं खरं. मी तो मागितला नाही. मागणी-पुरवठ्याच्या रेघा न काढता मला अर्थशास्त्राची पदवी नको होती. मग आम्ही आमची पद्धत बसवली. डावीकडचा खालचा कोपरा शून्य. तिथून वर दहा ओळी, उजवीकडे दहा बोटं. "उभ्यावर किंमत, आडव्यावर नग. आठव्या ओळीवर, दुसऱ्या बोटाला ठिपका. दुसऱ्या ओळीवर, आठव्या बोटाला ठिपका. जोड, पण मधे जरा आत दाबून." काढून झाली की ती माझं बोट धरून रेघेवरून फिरवायची. सुपरवायझर पहिल्यांदा धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी खाणाखुणा चालल्यात.

पहिल्या सेमिस्टरला आमची खोली होती जिमखान्याची. तळमजल्यावर असावी हा नियम पाळला होता, तक्रार नाही. कॅरमबोर्डांच्या मधे एक टेबल आणि वर एकच ट्यूबलाईट. प्रश्नपत्रिका मला एकदा स्वतः बघायची असते, मोठ्या अक्षरांची प्रत मिळाली नव्हती, आणि त्या उजेडात जवळ धरूनही उमटेना. रायटरने वाचून दाखवली. दुसऱ्या पेपरपासून मी घरून चार्जिंगचा दिवा नेला.

पण खरी अडचण खोलीच्या बाहेर होती. पेपर अडीच ते साडेपाच. ताशी किमान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांना एक तास, म्हणजे सुटका साडेसहाला. आमच्या बाजूची गाडी पाच पस्तीसला. त्यानंतरची सातची, आणि तिच्याबद्दल कंडक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, "गो बाय, ती इली तर इली, भरवसो नाय." नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य खाली जातो. तिठ्यावर उतरून पुढे पाणंदीतून घर, मधे साकव, म्हणजे छोटा पूल. काठी आहे माझ्याकडे, पण साकवाला कठडा नाही. घरात मोटरसायकल नाही, आणि रोज रिक्षा करायची तर सेमिस्टरची फी त्यापुढे स्वस्त वाटावी. एसटीत आम्हाला तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे. गाडीच नसेल तर ७५ टक्के कशाचे?

त्यामुळे मी साडेपाचच्या आत उठायचे. सगळ्या पेपरांना. शेवटचा प्रश्न कधी अर्धा, कधी नुसते मुद्दे. रायटर आणि मी पळत स्टँडवर. पास झाले, पण गुण जेमतेम.

पुढच्या सेमिस्टरला परत अर्ज घेऊन गेले, कारण हा अर्ज दर वेळी नव्याने करावा लागतो, जणू काही सहा महिन्यांत डोळे बरे होऊन येतील. साहेबांनी मागच्या परीक्षेचा तक्ता उघडला. माझ्या नावापुढे, प्रत्येक पेपरला, 'जादा वेळ घेतला नाही' अशी नोंद होती. "तुला गरज नाही असं दिसतंय," ते म्हणाले. आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. कागद तसंच सांगत होता. जो तास मला घेता आला नाही तोच मला तो लागत नाही ह्याचा पुरावा झाला होता.

त्या दिवशी मी घरी येऊन पत्र लिहायला घेतलं, आवाजावर टाईप करून. आधी मी मागत होते ती 'सवलत', आणि सवलत द्यायची की नाही हे देणाऱ्याच्या मनावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक हे चक्क नाव घेऊन लिहिलेले आहेत. कलम २ मध्ये वाजवी सोयीची व्याख्या आहे: आवश्यक आणि योग्य ते फेरबदल, संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता. मी पत्रात एवढंच विचारलं की परीक्षेच्या दिवसांत मला मुलींच्या वसतिगृहात एक खाट मिळाली तर कॉलेजवर कोणता बोजा पडेल. सोबत एसटीचं वेळापत्रक जोडलं, त्या महिन्यातल्या सूर्यास्ताच्या वेळा पंचांगातून काढून जोडल्या, आणि आधीच्या तक्त्यातल्या नोंदीचं कारण लिहिलं. खाली 'प्रत माहितीसाठी: आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे'. ती प्रत मी पाठवली की नाही हे अजून कुणी विचारलेलं नाही.

उत्तरं नेहमीसारखीच सुरू झाली. एसटीचं वेळापत्रक कॉलेज ठरवत नाही. बरोबर. पेपरची वेळ विद्यापीठ ठरवतं आणि तुझ्यासाठी प्रश्नपत्रिका तासभर आधी फोडता येणार नाही. हेही बरोबर, मी तसं मागितलंही नव्हतं. वसतिगृहात बाहेरच्या मुलीला ठेवायचा नियम नाही. इथे रेक्टर मॅडम कामी आल्या. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं की दोन खाटा वर्षभर रिकाम्या आहेत आणि पाहुण्या प्राध्यापिका येतात तेव्हा त्यांना कुठल्या नियमाने ठेवतात ते एकदा बघावं. तोच नियम मला लावला. रायटरचीही सोय त्यातच झाली. हे मी पत्रात मागायलाही धजावले नव्हते.

दुसऱ्या सेमिस्टरला तो तास पहिल्यांदा पुरता वापरला. लिहायला त्यातला अर्धाच लागतो असं कळलं. उरलेल्या वेळात रायटर सगळं परत वाचून दाखवते आणि 'उतार' च्या जागी 'उतारा' झालेलं सापडतं. एप्रिलमध्ये उजेड उशिरापर्यंत असतो, पण दुपारनंतर ढग येऊन वीज जायची, त्यामुळे चार्जिंगचा दिवा तसाच राहिला. गुण वाढले, तेव्हा वर्गातली एकजण म्हणाली की रायटर हुशार असेल. तिला मी आमच्यासोबत बसवून एक उत्तर सांगायला लावलं. तिसऱ्या वाक्यालाच ती थांबली. उत्तर डोक्यात तयार असणं निराळं आणि ते खाडाखोड न करता बोलून दाखवणं निराळं.

आता २०२३ साल, मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि नवीन घोळ उभा राहिलाय. माझी रायटर बी.ए. झाली, चांगल्या गुणांनी, आणि तिने एम.ए.ला प्रवेश घेतला, इतिहासालाच. आता ती एम.ए. भाग एक, मी एम.ए. भाग दोन. ही एक पायरी कमी धरायची की बरोबरीची? साहेब म्हणतात बरोबरीची, दोघी एम.ए.च. आमचे सर म्हणतात कमी, भाग दोनला बसायला भाग एक लागतोच ना. मी म्हणते तिचा विषयच वेगळा आहे, तिला समवृत्ती वक्र फक्त माझ्या बोटाने माहीत. परीक्षा विभागाला लेखी विचारलंय. उत्तर यायचं आहे आणि हॉल तिकिटं आठवड्यावर आली आहेत. तोवर वाडीतल्या एका बारावीच्या मुलीला संध्याकाळी बोलावते. तिची परीक्षा वेगळ्या महिन्यात असते आणि त्यांच्याकडे आंब्याची कलमं नाहीत. 'सीमांत' तिने पहिल्याच दिवशी बरोबर लिहिलं. आकृतीला अजून वेळ लागेल.